तारखेचं भूत आणि सर्व्हरबाबा

डोळ्यांच्या दवाखान्यात त्या दिवशी डोळे दाखवायला कमी आणि चमत्कार बघायलाच जास्त माणसं आली होती. नोंदणीच्या टेबलाभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. सर्व्हरबाबांनी कॉम्प्युटरवर काळा रुमाल धरला, डोळे पांढरे केले आणि गर्जले, "निघ, तारखेच्या भुता, निघ!" डॉक्टरांनी बटण दाबलं. तेरा एप्रिलच्या ऑपरेशनांची यादी चोख उमटली. त्याआधीच्या बारा दिवसांत मात्र ठरलेल्या पेशंटचं नाव यादीत क्वचितच सापडलं होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"महिन्याचे पहिले बारा दिवस भूत यंत्रात बसतं," बाबा म्हणाले. "मी तेराला येतो, ते पळतं. कायमचं घालवायचं, तर त्याला घेऊन आलेली बाई घालवा."

बोट होतं नोंदणीवाल्या ताईंकडे. त्या आणि नवा प्रोग्रॅम दवाखान्यात एकाच दिवशी आले होते. डॉक्टर मान खाली घालून म्हणाले, "ताई, एक तारखेपासून येऊ नका."

ताईंचं दोन मुलींचं घर त्या एका खुर्चीवर चाललेलं. रडू येत होतं, पण त्याहून राग जास्त येत होता. कारण चार एप्रिलची यादी बाबांविना बिनचूक आली होती. भूत त्या दिवशी काय रजेवर होतं? तेव्हापासून त्या कॉम्प्युटरमधल्या तारखा आपल्या कागदी वहीशी ताडून बघत होत्या.

"जाते," त्या म्हणाल्या. "पण बाबा, रुमाल तसाच धरा." मग रांगेतल्या पहिल्या म्हाताऱ्याकडे वळल्या. "आजोबा, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी ठरलंय?"

"तीन मेला, पोरी."

ताईंनी ३/५ लिहिलं, नोंद उघडली. पडद्यावर आलं, पाच मार्च.

"अरेच्चा! म्हणजे झालंसुद्धा?" आजोबा म्हणाले. "मग मला दिसत कसं नाही अजून?"

सगळा हॉल खो खो हसला. "भूत... जरा हट्टी आहे," बाबा चाचरले.

"आता रुमाल काढा." ताईंनी पंचवीस मे लिहिलं, पंचवीस मेच आलं. पाच मे लिहिलं, तेही बरोबर.

"आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. हा शहाणा प्रोग्रॅम आधी महिना वाचतो. पण पंचविसावा महिना आणणार कुठून? मग गुपचूप उलटं वाचतो. म्हणून तेरापासून पुढे सगळं सुरळीत. चार एप्रिल आणि पाच मे कसेही वाचा, तेच! हरवलेला प्रत्येक पेशंट मला उलट्या तारखेला सापडलाय. ही घ्या वही."

डॉक्टरांनी प्रोग्रॅमवाल्याला फोन लावला. तो ओशाळून म्हणाला, "हो, तारीख आम्ही नुसता मजकूर म्हणून पाठवतो, त्यात दिवस कुठला न् महिना कुठला हे यंत्राला सांगतच नाही. आता कॅलेंडरमधून निवडायची सोय करतो, घोळच नको." तेवढ्यात बाबांनी मागच्या दारानं पोबारा केला.

"चुकलं माझं, ताई. बसा," डॉक्टर म्हणाले.

ताई बसल्या, पण गप्प बसल्या नाहीत. "चमत्कार दिसला की आधी दोनदा करून बघावा, बाबासकट आणि बाबाविना. मग हवा तर नमस्कार करावा. डॉक्टर, तपासल्याशिवाय तुम्ही कुणाच्या डोळ्यात औषधाचा थेंब घालत नाही. मग माझी नोकरी न तपासता कशी काढलीत?"

डॉक्टरांनी वही ओढली आणि तारीख चुकलेल्या पहिल्या पेशंटला स्वतः फोन लावला.