खैरुन्निसाबाईंचा आवाज

कॅसेटवरच्या चिठ्ठीवर आर्सेनीचंच अक्षर होतं — ‘खैरुन्निसाबाई, राजापूर, २००३’ — त्यावर त्यानेच मारलेली काट, आणि खाली नवं नाव, इथल्याच, आखातातल्या कतीफ गावच्या कुणा कोळ्याचं... शुक्रवारची दुपार, एसीची घरघर. ती ऐकता ऐकता त्याला लेनिनग्राडमधली ती तळघरातली खोली आठवली, जिथे तो विशीत मराठी शिकला. तिथे टेपची मारामार, म्हणून बोलणं कार्डांवर उतरवायचं, टेप पुसायची, पुन्हा भरायची. पुढे भाषाशास्त्र पोट भरेना, तेव्हा तो इथे कंपनीच्या कागदांचं भाषांतर करायला आला, तरी टेप पुसायची हाताची सवय गेली नाही. मूर्ख आहे मी, शिकलेला मूर्ख.

नमाज आटोपून मोहियुद्दीन येईल. होड्या बांधणारा हा सुतार दर शुक्रवारी इथूनच राजापूरला आईला, खैरुन्निसाबाईंना, फोन लावायचा आणि स्पीकर चालू करून टेपरेकॉर्डरजवळ सरकवायचा, आर्सेनीसरांना आईची बोली हवी म्हणून. गेल्या महिन्यात आई गेली. कफीलने, म्हणजे इथल्या मालकाने, अडकवलेला पासपोर्ट हातात ठेवेपर्यंत दफन होऊन चार दिवस उलटले होते. मग तो गेलाच नाही. काल म्हणाला, “सर, तेवढी कॅसेट द्या. आईचा आवाज दुसरीकडं कुठं नाय.”

तो आला. आर्सेनीने सांगून टाकलं, “पुसली मी. माझ्याच हाताने.”

मोहियुद्दीन बराच वेळ टोपीची घडी घालत राहिला.

“लिहिलंय ना तुम्ही? वाचा मग.”

कार्डांवर सगळं होतं, कुठे ती थांबली, कुठे धाप लागली. तो वाचू लागला — “जेवलास काय रे?... आंबे उतरवायला माणूस मिळत नाय...” — आणि त्याला वाटलं, चाळीस वर्षं आपण या भाषेचे स्वर तपासले, पण ही बाई काही विचारते आहे हे कधी ऐकलंच नाही. आवाज आपोआप मऊ झाला. त्याची लाज वाटत होती, तरी थांबवेना.

“कधी येतोस?”

“येतो, आई,” डोळे मिटून मोहियुद्दीन म्हणाला.

पुढच्या कार्डावर तिचं उत्तर होतं, “ये रे लवकर, वाट बघते मी.” आर्सेनीला ते पाठही होतं... पण तोंडातून निघेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला मराठीची भीती वाटली, आणि समोर मोहियुद्दीन वाट पाहत होता.