एका कानाचा मग

मी एक बीअरचा मग. अंगाने लाल मातीचा, पोटाने मोठा, आणि कान एकच, तोही वाकडा. पण या एका कानाने जेवढं ऐकलंय, तेवढं दोन कानांच्या माणसांनीही ऐकलं नसेल.

दिविश कुंभाराने मला घडवलं तेव्हा त्याचं अर्धं लक्ष बायकोशी भांडण्यात होतं, म्हणून कान वाकडा बसला. त्यामुळेच मी स्वस्तात गेलो आणि कुनेशच्या घरी चुलीजवळच्या खुंटीला लटकलो. कुनेश दिवसभर शेतात राबायचा आणि संध्याकाळी मला कानाला धरून एका हाताने उचलायचा. त्याच्या मिशीला फेस लागला की त्याची बायको ओफ्का म्हणायची, "पुसा ते. म्हाताऱ्या बोकडासारखे दिसताय." माझा जन्म एवढ्यासाठीच होता आणि मला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं.

मग चर्चच्या चुका उघड बोलतात म्हणून प्रागच्या यान गुरुजींना परमुलखात बोलावून जिवंत जाळलं आणि आमचा सगळा मुलूख पेटून उठला. चर्चमध्ये भाकर सगळ्यांना मिळायची, पण प्रभूचं रक्त मानलेल्या द्राक्षारसाचा प्याला एकट्या पाद्रीनेच प्यायचा असा नियम होता. आमचे पाद्री मिकेश उघड विचारू लागले, "प्रभूचं रक्त सांडलं सगळ्यांसाठी, मग प्याला माझ्या एकट्याच्याच तोंडाला का?" वरच्या मंडळींना हे झोंबलं. त्यांनी मिकेशना हाकलून दिलं आणि चर्चमधला सोन्याचा प्याला कुलपात टाकला.

पुढच्या रविवारी मिकेश कुनेशच्या गोठ्यात आले. भाकर होती, द्राक्षारस होता, प्याला मात्र नव्हता. ओफ्का घरात गेली आणि मला घेऊन आली.

"अगं, यातून मी काल बीअर प्यालोय," कुनेश पुटपुटला.

"धुतलाय ना?" मिकेशनी विचारलं.

"राखेने घासलाय, पाद्रीबाबा."

"मग झालं तर."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कुणी दोन्ही हातांनी धरलं. लोहार आला, सुईण आली, कोंबड्या चोरणारा प्रिबिकसुद्धा आला. सगळे माझ्याच कडेला ओठ लावून प्यायले. मी लाजलो, खोटं कशाला बोलू? मिकेश तान्ह्या लेकरांनाही वगळत नसत. कुनेशची लेक बार्का तेव्हा नुकती चालायला लागली होती. ओफ्काने तिला शिकवलं होतं, मग वर उचलला की हात जोडायचे आणि आ करायचा.

"याला खुंटीवरच राहू दे," मिकेश जाताना म्हणाले. "आणि रोज बीअरही प्या यातून. सोन्याचा प्याला शोधणाऱ्यांचं मगाकडे लक्ष जात नाही."

पुढे लढाई पेटली. कुनेश मळणीचा दांडा खांद्यावर टाकून आपल्या लोकांच्या छावणीत गेला. इकडे राजाचे शिपाई गावोगाव फिरू लागले. सगळ्यांसाठी प्याला मागणारा माणूस सापडला की त्याला चांदीच्या जुन्या खाणीत जिवंत ढकलून देत. आमचा लोहार असाच गेला. त्याची बायको अजून खाणीच्या तोंडाशी जाऊन त्याला हाका मारते.

एका दुपारी ते आमच्या दारात आले. त्यांचा नायक उलरिक. प्याल्यासाठी त्यांनी गादीतला पेंढा उपसला, कोबीचं पिंप उलथं केलं, पण हाती काही लागलं नाही. उलरिकला तहान लागली. त्याने मलाच खुंटीवरून काढलं आणि ओफ्कासमोर धरलं. "ओत."

तिने बीअर ओतली. तो प्यायला. "गावाला अक्कल नाही, पण बीअर बरी आहे," म्हणाला, आणि मला पुन्हा वर उचललं.

तेवढ्यात बाकाखालून बार्का बाहेर आली. त्याच्यापुढे उभी राहिली, हात जोडले आणि आ केला.

उलरिक मूर्ख नव्हता. त्याने मला हळूच खाली घेतलं. "बीअरपुढे हात जोडायला कुणी शिकवलं हिला?"

"बापाने," ओफ्का म्हणाली. "तो बीअरलाच देव मानायचा."

शिपाई हसले. उलरिक हसला नाही. त्याने एक हात बार्काच्या खांद्यावर ठेवला आणि मला ओफ्काच्या तोंडाजवळ नेलं. "साधा मगच आहे ना? मग थुंक यात."

थुंक, बाई, मी आतल्या आत ओरडत होतो. माझ्यात माशा बुडून मेल्यात, कुनेशच्या मिशीचे केस पडलेत. माझं काय जातंय? पण ओफ्काने माझ्यातूनच प्रभूचं रक्त घेतलं होतं. तिने लेकीकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि ती थुंकली.

उलरिकने बीअर जमिनीवर ओतली, मला पेंढ्यात फेकलं आणि ते निघून गेले.

त्यानंतर ओफ्काने मला हात लावला नाही. पिंपामागे सरकवून दिलं. रात्री ती रडायची, ते मला ऐकू यायचं.

बर्फ वितळल्यावर मिकेश गवताच्या गाडीत लपून आले. "मग कुठाय?"

"दुसरं काहीतरी घ्या, पाद्रीबाबा."

"फुटला का?"

"मी त्यात थुंकले. शिपायांच्या देखत. पोरीसाठी थुंकले."

मिकेश स्वतः गुडघ्यांवर रांगत पिंपामागे गेले, मला बाहेर काढलं, राखेने घासलं आणि द्राक्षारस ओतला. "प्रभूच्या तोंडावरही लोक थुंकले होते, पोरी," ते म्हणाले. "त्याने तोंड फिरवलं नाही." आणि स्वतःच्या आधी त्यांनी मला तिच्या हातात दिलं. तिने मला किती घट्ट धरलं होतं, ते मी विसरणार नाही.

आज माझी कड उडालीय. कुनेश परतलेला नाही आणि टेकडीपलीकडे पुन्हा घोडे दिसल्याचं बोलतात. मी खुंटीवरच आहे. ओफ्का आता बार्काला नवा धडा शिकवतेय: परकं माणूस घरात असलं की तोंड मिटून बसायचं. पोरगी शिकतेय, पण मला खाली काढलं की अजूनही तिचे हात आधी जुळतात.

म्हणून विनवणी करतो. कधी या घरावरून गेलात आणि तहान लागली, तर विहिरीवर ओंजळीने पाणी प्या. त्या पोरीसमोर मला उचलू नका.