आजची तारीख

ट्रंकेत सगळ्यात खाली इंग्रजी डिक्शनरी, तिच्यावर चार सुती पातळं आणि त्यांच्यावर फडक्यात बांधलेला सुका जवळा. जवळा आईने, म्हणजे माझ्या सासूने, घातला. टांगानिकातही मासे मिळतात असं मी चारदा सांगून पाहिलं. ते त्यांचे मासे, असं म्हणून तिने पुरचुंडी आणखी दाबून बसवली.

मुंबईच्या एका संस्थेने माझी निवड केली होती. आफ्रिकेतला टांगानिका नुकताच स्वतंत्र झाला होता आणि तिथल्या शाळांना इंग्रजी शिकवणारी माणसं हवी होती. दोन वर्षं, पगार नाही, राहणं-जेवण त्यांचं. फुकटची मास्तरकी करायला ही सगुणा समुद्र ओलांडणार म्हणून आमचं सगळं करंजा गाव हसलं. हसेनात का. गावच्या शाळेत मी सहा वर्षं शिकवत होते, आणि मला इथून निघायचं होतं.

तीन वर्षांपूर्वी, वैशाखाच्या शेवटी, माझ्या नवऱ्याची, नामाची, होडी तुफानात गेली. होडीवर चौघं होते. तिघांची प्रेतं रेवसच्या किनाऱ्याला लागली, नामाचं लागलं नाही. तेव्हापासून मी ना सधवा ना विधवा. हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं, पण करंडा माझ्यासमोर आला की बाईचं बोट जरा थांबायचंच. मला अशा ठिकाणी जायचं होतं, जिथे माझ्या कपाळाकडे कोणी बघणार नाही.

आम्हा कोळ्यांत लग्नाच्या वेळी नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या समुद्राला देतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून. मग जन्मभर चुडा फक्त डाव्या हातात. समुद्राने माझ्या बांगड्याही घेतल्या आणि नवराही घेतला. डाव्या हातातल्या मात्र आई कोणाला फोडू देईना. रोज संध्याकाळी होड्या लागायच्या वेळेला ती ओट्यावर तांब्याभर पाणी ठेवायची, नामाला पाय धुवायला. सकाळी तेच पाणी तुळशीला घालायची.

पासपोर्टच्या अर्जाला नवऱ्याची संमती हवी होती, नाहीतर त्याच्या मृत्यूचा दाखला. बेपत्ता माणूस कायद्याने सात वर्षं जिवंतच असतो, असं संस्थेच्या कारकुनाने मला समजावलं. गावची जन्ममृत्यूची वही गोटीराम पाटलाकडे होती. तो भला माणूस. नोंद करतो म्हणाला, पण पोटच्या पोराचं मरण त्याच्या आईनेच सांगितलं पाहिजे, सुनेच्या तोंडून मी ते लिहिणार नाही.

आठ दिवस माझी जीभ रेटली नाही. नवव्या दिवशी आई ओट्यावर मांदेली निवडत बसली होती, तेव्हा मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने टोपली संपेपर्यंत मान वर केली नाही.

"इथं तुला काय कमी हाय?"

"इथे मी मरून जाईन, आई."

तिने हात धुतले. घरात गेली ती सणाचं लुगडं नेसूनच बाहेर आली.

"तो हाय का नाय ते दर्याला ठाव," ती म्हणाली. "तू तं माज्या समोर हायस. चल."

पाटलाने वही उघडली आणि तुफानाच्या दिवसाची तारीख लिहायला घेतली. आईने त्याच्या हातावर हात ठेवला.

"आजची टाक. तवा नाय मेला तो. कालपरयंत मी त्याच्या पायांना पानी ठेवलं."

पाटलाने माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलले असते तर त्याने तिची समजूत घातली असती. पण तिला पुन्हा पुन्हा पोरगा मारायला कसं लावायचं? आणि खरं सांगायचं तर मला दाखल्याची घाई होती. तारीख कोण बघतंय, असं मी मनाशी म्हटलं. तिने अंगठा उठवला. परतताना किनाऱ्यावर तिनेच दगडाने माझ्या बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात घुसली, ती तिने नखाने काढली आणि पदराने रक्त पुसलं. त्या संध्याकाळी तांब्या चुलीपाशी उपडा होता.

मी दाखला संस्थेकडे पाठवला. त्या तारखेपासून धरून घातलेल्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं पत्र आलं, सुंदर इंग्रजीत टाइप केलेलं. आपल्या पतीच्या नुकत्याच झालेल्या निधनाची वार्ता वाचून आम्हांला अतीव दुःख झाले. अशा प्रसंगी आपल्याला घरापासून दूर पाठवणे आमच्या मनाला पटत नाही. आपल्या जागी दुसऱ्या शिक्षिकेची नेमणूक केली आहे.

तीन वर्षांत नामाबद्दल मला कोणी सांत्वनाचे दोन शब्द बोललं नव्हतं. पहिले बोलले ते हे.

खुलासा लिहायला बसले. पण नोंद खोटी म्हटलं की दाखला खोटा, आणि दाखला खोटा म्हटलं की नामा पुन्हा जिवंत आणि त्याची संमती कुठे, हा प्रश्न पुन्हा उभा. शिवाय पाटील बिचारा गोत्यात. बोटीला नऊ दिवस होते. तीन कागद फाडले आणि पेन बंद केलं.

आई पाठीशी येऊन उभी राहिली होती. काय लिहिलंय, म्हणून तिने विचारलं. या घरात इंग्रजी मला एकटीलाच येतं. त्यांना वाईट वाटलं असं लिहिलंय, मी म्हटलं. तिने पत्र हातात घेतलं, उलटंच धरून बराच वेळ पाहिलं आणि नामाच्या फोटोमागे खोचून ठेवलं.

"बोट कंदी हाय?"

"पुढल्या शुक्रवारी."

या बाईने माझ्यासाठी आपला पोरगा मारला, आणि तो फुकट मारला, हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगणार होते?

ती ट्रंकेपाशी गेली. जवळ्याला दमट वास येतोय म्हणाली. पुरचुंडी सोडली, जवळा सुपात घेतला आणि पुन्हा उन्हात वाळत घालायला बाहेर गेली.