बिनआवाजाची आगगाडी

इंझोरीच्या उकंडरावांच्या घरात दुपारी जो खडखडाट व्हायचा, तो सगळ्या गल्लीला ठाऊक होता आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. उकंडरावांची बायको मनकर्णाबाई जेवणं आटोपली की माजघरात बसायची, ट्रंकेतून चावीची आगगाडी काढायची, करकर चावी द्यायची आणि फरशीवर सोडून द्यायची. वीतभर लांबीचं ते पत्र्याचं विलायती इंजिन. पण कोणी परातीत गोटे घोळवावेत तसा दंगा करायचं. मनकर्णाबाईचे डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती. गाडी खाटेखाली शिरली, उतरंडीला धडकली की दाराकडे वळली, ते तिला आवाजावरून कळे. गाडी जिकडे जाईल तिकडे तिची मान फिरायची.

कारंज्याला छोट्या लाइनीची गाडी सुरू झाली तेव्हा मनकर्णाबाईचे डोळे धड होते. गाडी बघायला गेली, आणि तिला आत बसायचं होतं. उकंडराव म्हणाले, पुढच्या खेपेला बसू. पुढच्या खेपेला कपाशी होती, त्याच्या पुढच्या खेपेला लग्न होतं, आणि मग डोळेच गेले. त्यानंतर उकंडरावांनी अकोल्याहून ही खेळण्यातली गाडी आणली. नातवंडांसाठी आणली, असं चारचौघांत सांगितलं. मोठी जमीन असलेल्या माणसाने बायकोसाठी खेळणं आणलं असं कसं सांगणार? अधूनमधून येणाऱ्या नातवंडांनी मात्र गाडीला हात लावला की आजी अशी काही भांडायची की ती बिचारी पळून जायची.

एरवी हे सगळं खपून जात होतं. पण त्या वर्षी अधिक वैशाख आला आणि धोंड्याच्या जेवणाला जावई आले.

जावई म्हणजे शालिकराम, मूर्तिजापूरच्या लोको शेडात फिटर. माणूस वाईट नव्हता. फक्त इंजिनाबद्दल बोलल्याशिवाय त्याला घास गिळता येत नसे. जिजाबाईचं त्याच्याशी लग्न होऊन वर्षच झालं होतं, आणि आपल्या नवऱ्याला किती कळतं याचा तिला भारी अभिमान होता. आता जावई घरात आला की काय होतं ते सांगायला नको. तो म्हणेल ती पूर्व दिशा. त्याला नको म्हणायचं नाही, त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही. सासूने तर त्याच्यासमोर यायचंसुद्धा नाही; जे काय बोलायचं ते दाराआडून, डोईवर पदर घेऊन.

जिजाबाईने आल्या आल्या आईला बजावलं होतं, "माय, हे हायेत तोवर गाडी नोको काढू वं. शेडातले लोक आयकतीन तं हासतीन." मनकर्णाबाई "बरं" म्हणाली आणि पहिल्या दिवशी गप्प बसली. दुसऱ्या दिवशी जावई सासऱ्यांबरोबर मळ्यात गेलेत असं तिला वाटलं. ते उन्हाला कंटाळून परतले होते आणि ओसरीवर खाटेला पाठ टेकत होते. आत खडखडाट सुरू झाला.

शालिकराम ताडकन उठून बसला. "हे काय वाजून राह्यलं?"

जिजाबाई दारात उभी होती. तिच्या तोंडून पटकन निघून गेलं, "शेजारची लेकरं हायेत. चावीची गाडी खेळून राह्यली."

"चाक ढिलं हाये तिचं. मले इथूनच आयकू येते. आना बरं इकडं."

उकंडराव पान लावत होते. त्यांचा हात थांबला. "जावईबापू, कायले तरास घेता? खेळन्याची तं गाडी."

"तरास कायचा? सासुरवाडीले येऊन नुसतं खायाचं का?"

यावर उकंडरावांनी म्हणायला हवं होतं की गाडी तुमच्या सासूची आहे आणि तिला ती अशीच हवी आहे. एवढंच एक वाक्य. पण ते पानाला चुना लावत राहिले. जिजाबाई आत गेली आणि आईच्या मांडीवरून गाडी उचलून घेऊन आली. बाहेरचं बोलणं कानी पडताच मनकर्णाबाईने ती फरशीवरून उचलून घेतली होती. आंधळ्या माणसाला दाराबाहेरचं बोलणं ऐकू येत नाही असं जिजाबाईला कसं वाटलं, देव जाणे.

शालिकराम खुशीत मांडी घालून बसला. चाकूच्या टोकाने त्याने पत्र्याच्या दुमडलेल्या पट्ट्या उकलल्या आणि आतली चावीची कळ बाहेर काढली. आत बघून त्याला हसूच आलं. कोणीतरी भल्या माणसाने चक्रांच्या दात्यांमध्ये जवसाचं तेल ओतलं होतं. ते वाळून गोंद झालं होतं, त्यात घरातल्या कापसाचे तंतू चिकटले होते, आणि पुढच्या आसाला लांब पांढरे केस गुंडाळले गेले होते. सुईने त्याने ते एकेक करून सोडवले. शेजारच्या लेकरांचे केस पांढरे कसे, हा प्रश्न या हुशार माणसाच्या डोक्यात आला नाही.

मग वाटीत घासलेट घेऊन त्याने सगळे दाते धुतले, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसले आणि उन्हात ठेवले. शेडातल्या बारीक तेलाची शिशी तो नेहमी ट्रंकेत बाळगायचा. सुईच्या टोकावर थेंब घेऊन त्याने तो प्रत्येक आसाच्या टोकाला अलगद लावला. "जास्त तेल म्हंजे जास्त घान," तो सासऱ्यांना समजावत होता. "मोठं इंजिन राहो की लहान, आतून सारखंच." ढिल्या चाकासाठी त्याने तंबाखूच्या डबीचा पत्रा कापून छोटी गोल चकती, म्हणजे वायसर, केला आणि आसावर चढवला. पट्ट्या पुन्हा दुमडल्या, चावी दिली, गाडी सोडली. मांजर जावं तशी ती ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"वा," उकंडराव म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र कोणी मेल्यासारखा झाला होता. काम खरंच उत्तम झालं होतं. म्हणूनच मला या जावयाचा धड रागही करता येत नाही.

लेकरांना देते म्हणत जिजाबाईने गाडी आत नेऊन आईच्या ट्रंकेत ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी घर शांत होतं. उकंडराव मळ्यात होते, जिजाबाई विहिरीवर गेली होती. शालिकराम ओसरीवर खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसला होता, आणि आपण ही शांतता केली याचं त्याला कौतुक वाटत होतं. तेवढ्यात आतून चावी दिल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग पुटपुटणं, "कुठं गेली वं बाई?"

गाडी माजघराच्या दारातून बाहेर आली. बिनआवाज. सरळ येऊन खाटेच्या पायाला टेकली आणि तिथेच चाकं फिरवत राहिली. तिच्या मागून मनकर्णाबाई आली. ती रांगत होती. एक हात पुढे करून फरशी चाचपत होती, पदर डोक्यावरून कधीच घसरला होता, पांढरे केस तोंडावर आले होते, आणि ओठ लहान मुलीसारखे पुढे काढून ती गाडीशी बोलत होती, "आवाज दे ना. आवाज दे ना मले."

शालिकरामला तेव्हा कळलं. कुणाचे केस, कुणाची गाडी, सगळं. त्याला खाकरायचं होतं, पण खाकरलं तर तिला कळणार की उघड्या डोक्याने, रांगताना, जावयाने आपल्याला पाहिलं. उठून जावं तर खाट करकरणार. म्हणून तो श्वास रोखून बसला. इतक्या मोठ्या माणसाला आपण तिथे नसावं असं वाटत होतं.

हात फरशीवरून फिरत फिरत आला आणि त्याच्या पावलावर पडला.

हात तिथेच थांबला. बोटांनी अंगठा ओळखला, पाऊल ओळखलं. मनकर्णाबाईने दोन्ही हातांनी पदर डोक्यावर ओढला, इतका की तोंड झाकलं गेलं, आणि तशीच पाठमोरी न होता, उलटी सरकत सरकत दाराआड गेली. उंबऱ्याला तिचा गुडघा आपटला. ती कण्हलीसुद्धा नाही.

जिजाबाई घागर घेऊन आली तेव्हा नवरा गाडी हातात घेऊन बसला होता.

"माय खेळत होती," तो हळू म्हणाला. "मले काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू?" जिजाबाई रडायच्या बेतात होती. "माह्यी माय बुढी होऊन लेकरावानी खेळते, असं सांगू? तुमी शेडात जाऊन सांगतलं असतं तं?"

"मी सांगतलं असतं?" त्याने विचारलं, आणि मग त्याचं त्यालाच उत्तर मिळालं. पहिल्या दिवशी त्याने नक्की सांगितलं असतं, आणि हसून सांगितलं असतं. त्याने मान खाली घातली.

त्याने पट्ट्या पुन्हा उकलल्या. स्वतः बसवलेला वायसर काढून अंगणात फेकला, तेल पुसून टाकलं, चाक ढिलं केलं. चांगलं काम हाताने बिघडवायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. चावी दिली तर गाडी आधीसारखीच खडखडली. ती घेऊन तो माजघराच्या दाराशी गेला आणि तोंड भिंतीकडे करून उभा राहिला.

"मामी," तो म्हणाला, "आवाजाची केली पुन्हा. चुकलं माह्यं."

मग दाराआडून सासू बोलली, रीतीप्रमाणे, अगदी मऊ आवाजात. "तुमचं काही नाही चुकलं जावईबापू. लय झ्याक काम केलतं तुमी. आवाज नसता तं जिजीलेही बरं होतं. शेजारच्या लेकरायचं नाव तं घ्या नसतं लागलं."

जिजाबाई चुलीपाशी उभी होती. तिने हे ऐकलं आणि तिला धरणीत शिरावंसं वाटलं. आईजवळ जावं, मिठी मारावी, माफी मागावी, हे सगळं तिला सुचलं. पण ती राख सारत राहिली.

गाडी ट्रंकेत गेली. पुढचे सगळे दिवस दुपारी माजघरात खडखडाट झाला नाही. धोंड्याचं जेवण झालं, अनारशांचं ताट झालं, सगळं मानाने झालं. "माय, गाडी काढ ना," असं जिजाबाई एकदा म्हणाली. "काय लहान हावो का मी आता?" एवढं बोलून आई सूप घेऊन बसली.

निघायच्या दिवशी मनकर्णाबाईने दाराआडून लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, ओटी भरली, रडलीसुद्धा. कारंज्याची गाडी गाठायची म्हणून दमणी जेवणानंतर लगेच जुंपली. बैल निघाले, फाटक ओलांडलं, आणि मागे घरातून खडखडाट सुरू झाला. खाटेखाली गेला, वळला, दाराशी आला.

शालिकरामने बायकोकडे पाहिलं नाही. जिजाबाईने तोंडावर पदर घेतला होता. दमणी थांबवावी असं दोघांनाही वाटलं. पण बैलांच्या घुंगरांचा आवाज थांबला असता तर आत आईला ते कळलं असतं आणि तिने आपली गाडी बंद केली असती. म्हणून दमणी तशीच चालत राहिली.