मनगटातली माळ

मोठ्या बाई खुर्चीत बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. टेबलापलीकडे मुलाखतीला आलेली मुलगीही त्यांच्याबरोबर अर्धी उठली आणि अवघडून खाली बसली.

"तू बैस गं. माझं हे असंच चालतं," बाई म्हणाल्या. "आधी काय करत होतीस?"

"चपलांच्या दुकानात होते. दिवसभर लोकांच्या पायाशी बसायचं."

"मग सोडलंस का?"

"मी नाही सोडलं. दुकानच बंद पडलं. मला सारखं सारखं बदलायला नाही आवडत."

बाईंनी मनातल्या मनात देवाला हात जोडले. ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, अशा माणसांची निवासी संस्था त्या चालवत होत्या. चालवत होत्या म्हणजे धापा टाकत ढकलत होत्या. जाहिरात दिली की सगळे समाजसेवेची आवड घेऊन यायचे. एकाने आल्या आल्या विचारलं होतं, फोटो कुठे काढायचे? एकीची आवड दुपारच्या जेवणापर्यंत टिकली. ही मुलगी आवडीबिवडीचं काही बोलली नव्हती, आणि बाईंना तेच आवडलं.

घाई होती, कारण या आठवड्याअखेर मणीताई जाणार होती. मणीताई मालकिणीचं सगळं करायची. मालकीण म्हणजे तिथेच राहणारी पस्तिशीची बाई. लहानपणीच्या तापात डोळे आणि कान दोन्ही गेलेले, पण थाट असा की पगार घेणारे सगळे तिच्या तालावर नाचायचे, म्हणून ती मालकीण. तिच्याशी बोलायचं ते तळहातावर बोटांनी खुणा करून. माणूस ओळखायचा तो मनगटावरून. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटात काहीतरी खूण असे. ड्रायव्हरचं जाडजूड घड्याळ, बाईंची दोरी, मणीताईची लाकडी मण्यांची माळ, तिच्यातला एक मणी टवका उडालेला. आंघोळीतसुद्धा खूण उतरवायची नाही, हा बाईंनीच घातलेला नियम. म्हातारा माळी वारला, तेव्हाच फक्त त्याचा चामडी पट्टा सुटला होता. तो बाईंनी मालकिणीच्या हातात दिला होता. तिने तो गालाला लावला आणि आपल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिला.

संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकाने मालकिणीच्या खांद्यावर दोनदा थोपटायचं. म्हणजे, उद्या येते.

"मी तिला सांगून जाणार," मणीताई म्हणाली. तिला एका दवाखान्यात काम मिळालं होतं. तिथे दिवसभर एकाच माणसामागे धावावं लागणार नव्हतं आणि पाठीला आराम पडणार होता.

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "मागच्या नव्या मुलींची ओळख करून दिली, तर काय झालं? चिमटे काढून काढून हाकलल्या तिने. त्यापेक्षा तुझी माळ या नवीच्या हातात घालू. हळूहळू सवय होईल."

"आणि मी?"

"तू नेहमीसारखं थोपटून जा."

"माझ्या हाताने तिच्याशी खोटं बोलू?"

"मग तू राहा ना! राहतेस?"

असं बोलायला नको होतं, हे बाईंना कळलं. पण तोपर्यंत मणीताईने माळ काढून टेबलावर ठेवली होती. त्या संध्याकाळी ती मालकिणीच्या खोलीकडे न बघता निघून गेली. थोपटलं नाही.

सोमवारी नवीने माळ घातली आणि मालकिणीसमोर बसली. बाई दारात, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभ्या. मालकिणीच्या बोटांनी मणी चाचपले. टवक्याचा मणी सापडला आणि तिचा चेहरा उजळला. लगेच तिचा हात वर गेला तो नवीच्या गळ्यावर. जेवणाआधी मणीताई देवाचं काहीतरी गायची आणि मालकीण गळ्यावर तळवा ठेवून ते गाणं हाताने ऐकायची. हे नवीला कुणी सांगितलंच नव्हतं. ती गप्प बसली. गळा गप्प.

मालकिणीची बोटं गालावर गेली, कानावर गेली, केसांवरून खाली आली. मग तिने सावकाश माळ नवीच्या हातातून काढली. चाचपडत डबा उघडला. माळ्याचा चामडी पट्टा बाहेर काढला आणि दोन्ही वस्तू एका तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"अरे देवा," बाई म्हणाल्या, "हिला वाटलं, मणीताई गेली. वारली."

त्या धावल्या. मालकिणीच्या तळहातावर खुणा करू लागल्या: ती आहे, ठीक आहे. मालकिणीने मूठ मिटून घेतली. मूठ मिटली की तिच्याशी बोलायला दुसरा रस्ताच नव्हता.

दुपारी ती जेवली नाही. संध्याकाळी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा पेला तिने हाताच्या फटक्याने उडवला आणि भिंतीकडे तोंड करून माळ छातीशी धरून पडून राहिली. पूर्वी एकदा कुणी न सांगता गेलं होतं तेव्हा असंच झालं होतं, आणि शेवटी सलाईन लावावं लागलं होतं.

"बाई, मी काय मेलेल्या माणसाचं सोंग घ्यायला आले होते का?" नवी सांडलेलं दूध पुसत म्हणाली. "मला आधी सांगितलं असतं तर..."

"तर तू आली नसतीस."

"ते मला ठरवू द्यायचं होतंत ना."

बाईंनी फोन उचलला, खाली ठेवला, पदराने उगाचच पुसला आणि मग मणीताईचा नंबर लावला.

"म्हणजे मी मेले?" सगळं ऐकून मणीताई म्हणाली. "जिवंतपणी मारलंत की हो मला."

"मारलं. चुकले मी. ये गं, पाया पडते."

"पाया कसल्या पडताय! दुपारी सुट्टी मिळते का बघते."

दुपार सरेना. बाई फाटकापर्यंत जात, परत येत, मालकिणीच्या उशाशी बसत, पुन्हा उठत. नामस्मरण करायचं ठरवलं तर ओठांवर नाम आणि डोळे रस्त्यावर. शेवटी त्या देवालाच म्हणाल्या, "तू बस बाबा आत, मी बघते बाहेर."

मणीताई आली ती दवाखान्याच्या गणवेशातच, फिनेलचा वास घेऊन. मालकिणीने तिचं मनगट चाचपलं. रिकामं. तिने ते ढकलून दिलं. मणीताईने मग तिचा हात धरून आपल्या गळ्यावर दाबला आणि बसक्या आवाजात गायला लागली. सूर कुठल्या कुठे गेला होता, पण मालकिणीला सुराशी काय करायचंय? तिची बोटं थांबली. मग गळ्यावर इतकी घट्ट रुतली की मणीताईला खोकला आला. आणि मग मालकिणीने फाडकन तिच्या थोबाडीत मारली.

"आई गं! लागलं की!" मणीताई गाल धरून हसत होती, रडत होती. "बघा, मेलेल्याला मारतात का कुणी?"

मग तिने मालकिणीच्या तळहातावर खुणा केल्या. सावकाश, पुन्हा पुन्हा. मी जाते. दुसरीकडे काम. उद्या नाही. परवा नाही. मी बरी आहे. शेवटी मालकिणीने माळ उचलली आणि स्वतःच्या हाताने मणीताईच्या मनगटात घातली.

"आता हिची खूण काय?" मणीताईने नवीला पुढे ओढलं.

नवीने आपल्या पिशवीच्या बंदाला अडकवलेला एक पट्टा सोडवला. लहान मुलाच्या सँडलचा, वेल्क्रोचा. "दुकानातला आहे. आठवण म्हणून ठेवला होता." तिने तो मनगटाला लावला.

मालकिणीने तो ओढून पाहिला. चर्रकन सुटला. लावला. पुन्हा ओढला. मग नवीला सणसणीत चिमटा काढला.

बाईंनी डोळे मिटले. उघडून बघतात तर नवीनेही मालकिणीला एक चिमटा काढला होता, हळूच. मालकिणीच्या भुवया वर गेल्या. असं तिच्याशी आजवर कुणी वागलं नव्हतं.

जेवली ती मणीताईच्याच हातून. नवीचा घास तिने ताटात परत ठेवला. एकदा नाही, प्रत्येक वेळी.

संध्याकाळी मणीताई गेली. नवी पिशवी आवरत होती. बाई कपाट उघडत होत्या, बंद करत होत्या. 'येशील ना?' हे शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर होते आणि ते गिळायला त्यांना फार जड जात होतं.

नवी मालकिणीजवळ गेली. थोडी थांबली. दंडावरचा चिमट्याचा निळा डाग चोळला. मग मालकिणीच्या खांद्यावर थोपटलं. एकदा. पुन्हा एकदा.

"नीट विचार करून थोपटलंस ना गं?" बाईंच्या तोंडून गेलंच.

नवी दारात वळली. "बाई, तुम्हालाही थोपटू का?"

बाई कपाट उघडंच टाकून तिच्याजवळ गेल्या आणि त्यांनी खांदा पुढे केला.