खालची पट्टी

मेघालीने कोपराने गर्दी बाजूला सारली आणि ती आनंदीबाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. आनंदीबाईंचा ओठ फुटला होता, हिरव्या साडीचा पदर खांद्यावरून ओढला गेला होता. त्यांच्या कडेवरचं मूल कुणीतरी हिसकावून घेतलं होतं आणि ते मोठमोठ्याने रडत होतं.

"आमच्या शेजारी राहतात त्या," मेघाली म्हणाली. "रोज माझ्या मुलीला बालवाडीत सोडतात. छोडो उनको."

"मोबाइलवर मेसेज आलाय," एकजण म्हणाला. "नारपोलीत मुलं पळवणारी बाई फिरतेय. हिरवी साडी."

तेवढ्यात मुलाची आई धापा टाकत आली. मूल बाजारात हरवलं होतं आणि आनंदीबाई त्याला घेऊन घरोघर विचारत होत्या. तोवर पोहोचलेल्या पोलिसांनी सगळं ऐकून घेतलं आणि आनंदीबाईंना घरी पाठवलं.

संध्याकाळी केबलच्या बातम्यांत त्या दिसल्या, पदराने ओठ पुसताना. खाली पट्टी सरकत होती : मुलं पळवणारी महिला ताब्यात. मेघालीने केबलवाल्याला फोन लावला.

"मॅडम, 'संशयित' टाकतो ना पुढे."

"अहो, पण त्यांनी काही केलंच नाही. त्या मुलाच्या आईला विचारा."

"उद्या बघू," म्हणून त्याने फोन ठेवला.

रात्री तिचा नवरा भावेश दापोड्याच्या गोदामातून कामावरून आला. त्याच्या मोबाइलवर तोच मेसेज होता, फक्त एका बाईची आता टोळी झाली होती. मेघालीने त्याला घडलं ते सगळं सांगितलं.

"मला माहीत आहे गं आनंदीबाई कशा आहेत," तो म्हणाला. त्याने मुलीला, ऋतिकाला, मांडीवर घेतलं. "तरी उद्या हिला तूच सोड."

"कशाला?"

"असंच."

 मेघालीने भांडी जरा जोरात आपटली.

सकाळी आनंदीबाई नेहमीच्या वेळेला आल्या. साडी पिवळी होती. चाळीत दोन-तीन दारं किलकिली झाली. मेघाली सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऋतिका, चल, आजी आली बघ," आणि तिने मुलीचा हात आनंदीबाईंच्या हातात दिला.

आनंदीबाईंनी तो धरला नाही.

"तू बी चल," त्या हळूच म्हणाल्या. "वाटंत पोर रडली तर मी कोनाला काय सांगू?"

"काही होत नाही. जा तुम्ही."

आनंदीबाईंनी खाली पाहिलं. मेघालीने चपला आधीच घातल्या होत्या.