शेपटाखालचं चाक आणि बीटाचं शेत

मी चाक बोलतोय. विमानाचं चाक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पुढची ती दोन येतील, माणसाच्या छातीला लागणारी, धिप्पाड. मी त्यांतला नव्हे. मी मागचा. लँकेस्टर जातीच्या आमच्या बाँबफेकी विमानाला चार इंजिनं होती, सात माणसं होती, बंदुका होत्या, आणि जिथे विमान संपतं तिथे, शेपटाखाली, मी होतो.

आमच्या स्क्वॉड्रनवर पुढे जाडजूड पुस्तक निघालं म्हणे. आम्ही कुठल्या शहरावर काय टाकलं ते सगळं त्यात आहे. माझ्यावर काय पडलं ते मात्र कोणी लिहिलेलं नाही. म्हणून हे तोंड उघडणं.

माझा जन्म बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तिथे बाबागाड्यांची चाकं बनत. मला जोडणारी बाई अख्खी पाळीभर शेजारणीला आपल्या सासूबद्दल सांगत होती. तिचा सगळा राग माझ्या नटांमध्ये पिळला गेला. मी जन्मात कधी सैल पडलो नाही, याचं श्रेय त्या न पाहिलेल्या सासूला.

रूपाचा मला अभिमान होता. माझ्या टायरच्या मधोमध खोल पन्हळ आणि दोन्ही बाजूंना उंच कडा, म्हणजे पळताना थरथर होऊ नये. असं चाक दुसऱ्या कशाला नसतं. हा अभिमान लिंकनशायरच्या आल्डरबी तळावरच्या पहिल्या संध्याकाळपर्यंत टिकला.

तो तळ बीटाच्या शेतांत उठवलेला. आमच्या विमानाचं नाव क्वीनी. संध्याकाळी एक ट्रक आला आणि त्यातून सात तरुण उतरले. अंगावर इतके कपडे की गादी गुंडाळून चालल्यासारखे. सिगरेटी ओढल्या. मग कप्तान हॅक्सबी, ज्याच्या मिशीला अजून काही जमत नव्हतं, म्हणाला, "चला मंडळी, पाणी घालून घेऊ."

मला वाटलं, मागे एखादं झाड असेल.

मागे झाड नव्हतं. मागे मी होतो.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगत नाही. सातही जण ओळीनं आले. आधी कप्तान, शेवटी मागचा बंदूकवाला, कारण तो मला सगळ्यात जवळचा. कोणी हसत नव्हतं. सगळे चर्चमध्ये उभं राहावं तसे गंभीर. उड्डाणाआधी शेपटाच्या चाकावर अभिषेक केला की विमान परत येतं, असा तळावरचा पक्का समज होता. सुरुवात कोणी केली कोणाला ठाऊक. एकदा कोणीतरी विसरलं आणि परत आलं नाही, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्या विसरलेल्याचं नाव मात्र दर वेळी वेगळं असायचं.

तो मागचा बंदूकवाला म्हणजे विल्फ ओल्डरॉइड, ड्यूझबरीच्या खाटकाचा मुलगा. त्याची काचेची खोली बरोबर माझ्या डोक्यावर. बाकीचे सहा जण पुढे, आणि हा इथे थंडीत एकटा. त्यामुळे तो माझ्याशी बोलायचा. बोलणं बहुतेक बायकोबद्दल.

बायकोचं नाव एनिड. नुकतंच लग्न झालेलं. आणि या सात जणांना विमानापाशी पोचवणारा तो ट्रक चालवायची हीच एनिड. नवरा-बायको एका तळावर नकोत असा नियम होता, पण ज्या साहेबानं तो लावायचा त्याच्या सगळ्या फायली अजून वाचून व्हायच्या होत्या. घर त्यांना नव्हतंच. त्यांचा संसार म्हणजे ट्रकची पुढची सीट, बराकीपासून विमानापर्यंत. तेवढ्या वाटेत बाजूबाजूला बसायचं, आणि मागून सहा दीर फुकटचे सल्ले देणार.

एनिड फार बोलत नसे. बघायची मात्र सगळं. विल्फला चहात साखर किती लागते हे त्याच्या आईनं सांगितलं होतं ते चूक आहे, हे तिनं आठवड्यात ओळखलं आणि कोणाला सांगितलं नाही. दुरुस्त तेवढं केलं. सात जण माझ्याकडे वळले की ती ट्रकमध्ये बसल्या बसल्या मान फिरवायची आणि बीटाच्या शेताकडे बघत राहायची. इतकं मन लावून की एखाद्याला वाटावं, बीट कसं वाढतं यावर हिची परीक्षा आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण त्या पोरांना सांगायची सोय नव्हती. माझ्यात काही नव्हतं. आमच्या शेजारी जी विमानं उभी असत त्यांच्या चाकांवरही रोज तेच होत होतं, तितक्याच भक्तिभावानं. त्यांतली कितीतरी एखाद्या सकाळी परत यायची नाहीत. तिथे सिमेंटवर तेलाचा डाग तेवढा उरायचा. दोन दिवसांत नवं विमान यायचं, नवी पोरं यायची, आणि कोणी न शिकवता तीही मागच्या बाजूला जायची. मी काहीच करत नव्हतो. नुसता भिजत होतो.

क्वीनीची देखभाल कॉर्पोरल गॉडबरकडे. वय चाळिशीचं, म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणत. हा आजोबा रोज सकाळी फडकं घेऊन माझ्यापाशी बसायचा आणि त्या सात जणांचा उद्धार करायचा. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माझ्या धातूला बारीक बारीक खड्डे पडायला लागले होते. शेवटी एक दिवस त्यानं वैतागून वर लेखी तक्रार केली: शत्रूनं या चाकाचं जेवढं नुकसान केलं नाही तेवढं आपल्या माणसांनी केलं आहे.

तक्रार वर गेली ती हुकूम होऊन खाली आली. विमानाच्या चाकाचा उड्डाण व उतरणे यांखेरीज अन्य कारणासाठी वापर केल्यास कडक कारवाई. मेसमध्ये कागद लागला. सगळ्यांनी वाचला, आणि संध्याकाळी सगळे नेहमीप्रमाणे मागे आले. बघायला कोण बसलंय?

तर आमच्या सात जणांची शेवटची फेरी आली. तीस फेऱ्या झाल्या की सुटका, लांब रजा. सगळ्यांना भीती असायची ती या शेवटच्या फेरीची. काठाशी येऊन बुडालेले त्यांनी पुष्कळ बघितले होते. त्या दिवशी ट्रकमधून दिरांनी एकही सल्ला दिला नाही.

आणि नेमके त्या संध्याकाळी मुख्यालयातून ग्रुप कॅप्टन फॅनशॉ आले. हुकूम काढणारे तेच. माणूस वाईट नव्हता. शेवटच्या फेरीला निघालेल्या पोरांचा हात हातात घ्यावा म्हणून मुद्दाम आला होता. हस्तांदोलन झालं, आणि मग तो शेपटाला टेकून उभा राहिला. माझ्या शेजारी.

"हे बघा," तो म्हणाला. "शिस्त असली की चाक कसं राहतं."

गॉडबरनं दुपारभर खपून मला घासलं होतं. मी चमकत होतो.

"होय, सर," हॅक्सबी म्हणाला.

सिगरेटी संपल्या. कोणी हलेना. उन्हाळ्याचे दिवस, अंधाराचाही आडोसा नाही. हॅक्सबीनं साहेबांना चहा विचारला. साहेब चहा घेऊनच आले होते. मग गॉडबर पुढे झाला. आता त्याचाही चेहरा उतरला होता.

"सर, पुढची दोन चाकंही बघण्यासारखी आहेत."

"पुढची कोण खराब करतंय?" साहेब म्हणाले आणि आणखी नीट टेकले.

विल्फच्या अंगावर चार थर लोकर होती, तरी त्याचे ओठ पांढरे पडलेले मला खालून दिसत होते. त्यानं ट्रककडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच एनिड बीटाच्या शेताकडे बघत नव्हती. ती सरळ इकडे बघत होती. तिनं नवऱ्याचा चेहरा बघितला, साहेब बघितले, मला बघितलं. मग ट्रक सुरू झाला, शांतपणे मागे सरकला, आणि साहेबांच्या काळ्याभोर, नुकत्याच पुसलेल्या मोटारीत जाऊन बसला.

आवाज असा झाला की डबे-पातेल्यांची मांडणी कोसळावी. साहेब धावले.

एनिड खाली उतरून उभी राहिली. लग्नाला हो म्हणतानाही जी एका शब्दावर थांबली होती, ती बोलायला लागली. गिअर आपल्या मनानं पडतो. मागच्या थंडीपासून पडतो. आधी क्लच घसरायचा, तो नीट केला तर ब्रेक रुसला. दमेकऱ्यानं डॉक्टरला सांगावं तसा त्या ट्रकचा अख्खा आजार तिनं साहेबांना सुरुवातीपासून सांगितला. साहेब मध्ये बोलायला गेले की ती म्हणायची, "तेच सांगतेय, सर."

इकडे सात जण कधी नव्हे इतक्या घाईनं ओळीला लागले. विल्फ आटोपून वळला तर मागे आणखी एक माणूस उभा.

"आजोबा, तुम्ही कुठे?"

"गप्प बस," गॉडबर म्हणाला. "सरक तिकडे."

साफ उद्या त्यालाच करायचं होतं.

आम्ही गेलो. जर्मनीतल्या ऱ्हूर नदीवरून जाताना खालून तोफा सुटल्या आणि एक तुकडा सगळं विमान सोडून मला लागला. टायर फाटला. वरून विल्फचा आवाज आला, "गेलास का रे?" मी गेलो नव्हतो, पण सांगणार कसं?

पहाटे आल्डरबीला उतरताना रबर नव्हतंच. नुसत्या धातूवर किंचाळत, ठिणग्या उडवत मी सगळी धावपट्टी पार केली. विमान थांबलं. सातही जण उतरले. मी मोजायच्या आत त्यांनी एकमेकांना मोजून घेतलं. विल्फ मागे आला, माझ्यापुढे उभा राहिला. या वेळी समज वगैरे काही नव्हता, माणूस रात्रभर अडकून बसला होता. तापलेल्या धातूवर चर्र झालं, फोडणी बसावी तसं.

एनिडचा ट्रक काढून घेतला होता. ती स्वयंपाकघरातून तशीच आली होती, अंगावर ॲप्रन, हातात अर्धा सोललेला बटाटा.

"मोटार ठोकलीस," विल्फ म्हणाला.

"गिअर चुकला."

"तुझा गिअर कधी चुकत नाही."

"तुझ्या आईला सांगू नकोस."

तो तिच्याकडे बघत राहिला. "डोळे कशानं लाल झाले?"

"कांदेही सोलायला दिलेत," एनिड म्हणाली आणि तो बटाटा त्याच्या हातात ठेवला.

पुढचं थोडक्यात. मला नवा टायर मिळाला, नवी सात पोरं आली. लढाई संपली. क्वीनीचे तुकडे भंगारात गेले, आणि मला तिथल्या एका शेतकऱ्यानं ढकलगाडीला लावलं. धावपट्टीवर आता टर्की कोंबड्यांच्या शेड आहेत. मी बीट वाहतो. शेतकऱ्याचा म्हातारा कुत्रा रोज सकाळी येतो आणि आपला नेम धरतो. सवय वाईट असते. दर वेळी मला वाटतं, आता इंजिनं सुरू होतील.

काल मात्र एक छोटी मोटार येऊन थांबली. काठी टेकत एक म्हातारा उतरला. शेड बघितल्या, आभाळ बघितलं आणि मग ढकलगाडीपाशी आला. गुडघे कुरकुरत खाली बसला. माझ्या मधल्या पन्हळीतून बोट फिरवलं, धातूचे बारीक खड्डे चाचपले.

मग उठला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"एनिड," त्यानं मोटारीकडे न बघता हाक मारली, "जरा..."

"बघत नाहीये मी," आतून आवाज आला. आणि तिनं मान फिरवली, बीटाच्या शेताकडे.

वाचकहो, तुम्हीही जरा तिकडेच बघा.